सोपानदेवांच्या अभंगांविषयी मदत हवी आहे
सप्रेम नमस्कार. मी पैठणजवळच्या एका शाळेत शिकवते आणि आपेगावच्या कुलकर्णी घराण्यातील चार भावंडांवर मुलांकडून भित्तिपत्रक करून घेत आहे. 1290 साली नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगणारे ज्ञानदेव, त्यांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ, तसेच रुसून ताटी लावून बसलेल्या भावाची समजूत घालणारी धाकटी मुक्ताई यांच्याविषयी मुले भरभरून लिहितात. सासवडला समाधी घेतलेल्या सोपानदेवांच्या वाट्याला मात्र जेमतेम दोन ओळी येतात, आणि हे मला फार खटकते. माझ्या आजीच्या तेलाचे डाग पडलेल्या भजनाच्या वहीतही त्यांचा एकही अभंग नाही. आपल्याकडे त्यांचा एखादा अभंग म्हणत असतील, तर कृपया तो चालीसह कळवावा.