मदत हवी आहे: साथीच्या काळात गावातल्या एकट्या ज्येष्ठांशी संपर्क कसा ठेवायचा?

पळसपान
दारव्हा तालुक्यातल्या एका गावाचा साथरोग आराखडा लिहायचं काम सुरू आहे. किराणा, औषधं, विलगीकरणाची खोली कागदावर आलं. गाडी अडली आहे ती एकट्या ज्येष्ठांपाशी. पोरं पुण्या-नागपूरला अन् घरात एकटी आजी किंवा दोघंच म्हातारी, अशी २३ घरं आहेत. २०२० च्या टाळेबंदीत आणि पुन्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीपासून निर्बंध सुरू झाले तेव्हा पार, आठवडी बाजार, देऊळ सगळंच बंद झालं. धान्याच्या पिशव्या पोचत होत्या, बोलायला कोणी नव्हतं. बहुतेकांकडे बटणांचा फोन आहे. स्वयंसेवक सहा-सात मिळतील. "अधूनमधून विचारपूस करावी" असं मोघम नको, आराखड्यात नेमकं काय लिहू?

उंबरठा
पळसपान, आधी यादी बदला. नाव, वय, आजार एवढ्यावर भागत नाही. प्रत्येकापुढे लिहा: साथीआधी दिवसातून कोणाकोणाशी, कुठे, कशाच्या निमित्ताने गाठ पडायची? एखाद्याची सगळी ऊठबस पारावर, दुसरीची फक्त शेजारणीबरोबर डाळ पाखडताना. जे बंद झालं त्याचीच जागा भरायची असते. पारावरच्या माणसाला रोजच्या भजनाचा फोन देऊन उपयोग नाही, त्याला भांडायला माणूस पाहिजे.

एका स्वयंसेवकाकडे चारच घरं द्या, आणि तोच माणूस कायम ठेवा. रोज नवा आवाज आला तर म्हातारं माणूस बोलत नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं, फसवणुकीचे फोनही तसेच येतात. म्हणून पहिल्या भेटीतच सांगायचं: "आम्ही ओटीपी, आधार नंबर, अंगठा कधीच मागणार नाही." जोडीला एक पर्यायी माणूस ठरवा आणि त्याची ओळख आधीच, साथ नसतानाच, करून द्या.

वेळ ठरलेली हवी. आठवड्यातून तीन फोन, तेच वार, तीच वेळ. "जमेल तेव्हा करतो" म्हटलं की समोरचा दिवसभर वाट पाहतो, ते न करण्याहून वाईट.

आणि कृपया "जेवले का, गोळी घेतली का" याने सुरुवात करू नका. ती हजेरी झाली. तुरीवर अळी दिसते का, अमक्याचं सोयरपण कुठलं, कुरोड्यांच्या चिकाला गहू किती दिवस भिजवायचा, असं त्यांना येतं ते विचारा. गोळीचं शेवटी.

टपालपेटी
फोनची बाजू सांगतो, कारण योजना बहुधा तिथेच फसते.

रिचार्जची मुदत संपली की जाणारे फोन बंद होतात, काही दिवसांनी येणारेही. "काही लागलं तर मिस कॉल द्या" हा सल्ला म्हणूनच फसतो, मुदत संपलेल्या सिमवरून मिस कॉलही जात नाही. यादीत प्रत्येकाची मुदत संपायची तारीख लिहा आणि चार दिवस आधी रिचार्ज करा. इंटरनेट नसलेला, फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक घ्या. जिओचं सिम जुन्या टूजी फोनमध्ये चालत नाही, हेही आधी पाहून घ्या.

स्पीड डायल लावा: २ वर स्वयंसेवक, ३ वर लेक किंवा मुलगा, ४ वर आशाताई. बटण दाबून धरलं की फोन लागतो. तो अंक मागच्या बाजूला जाड पेनाने लिहून चिकटपट्टी लावा. फोन चार्जरजवळ खुंटीला टांगलेल्या पिशवीत, एकाच जागी. उशाखाली, पेटीत, शेजारी असा फिरता राहिला की रिंग संपेपर्यंत हाती लागत नाही. एकदा वाजून थांबला तर दोन मिनिटांनी पुन्हा करा, उठून यायला वेळ लागतो.

चार-पाच जणांची बैठक फोनवरही होते. स्वयंसेवकाने आपल्या स्मार्टफोनवरून एकेकाला जोडत जायचं, समोरच्याने फक्त उचलायचं. साध्या कॉन्फरन्समध्ये फोन करणारा धरून सहा जण मावतात, चार ठेवा. सगळ्यांनी मिळून सामुदायिक प्रार्थना म्हणायला गेलात तर गोंधळ होतो, आवाज थोडा उशिरा पोचतो आणि ओळी एकमेकांवर चढतात. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, दुसऱ्या दिवशी दुसरा.

पळसपान
आभार. दोन शंका. ऐकू कमी येणाऱ्या आज्यांचं काय? आणि बँक बंद झाली की निराधार, श्रावणबाळचे पैसे काढायला तालुक्याला जाणंही बंद होतं. ती रांगसुद्धा भेटीगाठीची जागा होती.

टपालपेटी
पैशाचं: पोस्ट पेमेंट्स बँकेचं यंत्र घेऊन पोस्टमन किंवा ग्रामीण डाकसेवक घरी येतो. खातं कुठल्याही बँकेत असो, आधार जोडलेलं असलं की अंगठ्यावर रोख मिळते. २०२० मध्ये हे काम खेड्यापाड्यांत झालं आहे. अडचण येते बोटांची, शेतात राबून रेषा झिजतात. हात धुऊन पुसा, बोट किंचित ओलसर ठेवा, अंगठा नाही लागला तर बाकीची बोटं लावून पहा. सॅनिटायझर पूर्ण वाळल्यावरच.

वऱ्हाडी_ठेचा
पळसपान भाऊ, सारं फोनवर कायले ढकलता? अंगन हाय ना! म्हातारं मानूस ओसरीवर, आपन अंगनात, मधात दोन मीटर. चुन्यानं रेघ मारून ठेवा, नाही तं बोलता बोलता मानूस सरकतेच. मास्क दोघायनंबी लावाचा. पन टायमाचं भान ठेवा. एप्रिल-मे मंदी सकाळी सात-साडेसातच्या आत, नाही तं दिवस बुडाल्यावर. टिनाच्या शेडखाली दुपारी बसवलं तं साथ राह्यली बाजूले, उन्हानंच आडवं होईन. पावसात ओसरीवरच, आतल्या खोलीत नाही, तिथं हवा फिरत नाही.

उंबरठा
भाऊचं बरोबर, अंगणभेट आठवड्यातून एकदा तरी हवीच. ऐकू न येणाऱ्यांना तर फोनपेक्षा तीच बरी.

ओरडू नका. ओरडलं की शब्द फाटतात. वयानुसार आधी बारीक, उंच स्वर ऐकू येणं जातं, म्हणून आवाज थोडा खालच्या पट्टीत आणि वाक्य छोटं. मास्कने ओठ झाकले जातात, तेव्हा निदान उजेड आपल्या तोंडावर पडेल असं बसा, पाठीमागे ऊन नको. "समजलं का?" विचारलं तर उत्तर "हो"च येणार, त्याऐवजी "मंग उद्या कोन येनार सांगा बरं?" असं विचारा. कानात मळ साचलेला असतो पुष्कळांच्या, साथ नसताना प्राथमिक आरोग्य केंद्रात कान तपासून घ्या.

रेडिओचंही सांगते. नागपूर आकाशवाणी मिडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला लागते. खरखर आली तर रेडिओ आडवा फिरवून पहा आणि जवळचा एलईडी दिवा, चार्जर बंद करा. पण नुसता रेडिओ म्हणजे सोबत नव्हे. दोघींना एकच कार्यक्रम ऐकायला सांगा आणि मग एकीने दुसरीला फोन लावायचा.

दवंडी
आरोग्याच्या बाजूने एक भर. प्रत्येक गप्प बसणं म्हणजे एकटेपणा नसतो. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागलं, दिवस-रात्र कळेना, तोल जाऊन पडलं, तर ते मनाचं म्हणून सोडू नका. म्हातारपणी कोविडसारख्या संसर्गात ताप न येता अशीच सुरुवात होऊ शकते. त्याच दिवशी आशाताई किंवा आरोग्य केंद्र, गंभीर वाटलं तर १०८.

दोन आठवडे जेवण कमी, झोप उडालेली, आवडीचं काम सोडलेलं, हे वेगळं. तेव्हा मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८. "आता जगून काय" असं बोलणं आलं तर विषय बदलू नका, "जीव द्यायचं मनात येतं का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हटलं तर एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर हलवा. खरं तर या २३ घरांतली फवारणीची औषधं आधीच एखाद्या कुलूपबंद गोदामात ठेवता आली तर पहा.

पळसपान
गोदामाचं ग्रामसभेत मांडतो. चार घरांमागे एक धरला तर २३ घरांना सहा जण लागतात, म्हणजे पर्यायी माणसं कमी पडतील.

उंबरठा
पर्यायी माणसं त्या २३ घरांतूनच काढा. ज्यांना फोन लावता येतो अशा पाच-सहा जणांची साखळी करा: संध्याकाळी सातला पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, शेवटच्याने स्वयंसेवकाला. पावणेआठपर्यंत फोन आला नाही तर स्वयंसेवकाने शेवटाकडून उलटं विचारत जायचं आणि जिथे तुटली त्या घरी माणूस पाठवायचा. ज्यांना लावता येत नाही त्यांना साखळीत घेऊ नका, त्यांच्याकडे थेट फोन. रिचार्जची तारीख मात्र साखळीतल्यांचीच आधी तपासा.