मदत हवी आहे: 'तारा' नाटकातलं घर मराठीत बोलणार, पण कोणती मराठी?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, एका कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि तिथल्याच मुलामुलींचा नाटकाचा ग्रुप बघते. यंदा आम्ही महेश दत्तानींचं 'तारा' हे इंग्रजी नाटक मराठीत करून राहिलो आहोत आणि तीन आठवडे झाले एकाच जागी अडकलोय. ज्यांनी दुसऱ्या भाषेतली नाटकं मराठीत आणली आहेत त्यांनी तर सांगाच, पण नुसती भरपूर नाटकं पाहणाऱ्यांनीही बोला प्लीज.

वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तारा आणि चंदन ही जुळी भावंडं, जन्मतःच एकमेकांना चिकटलेली, दोघांत मिळून पाय तीन. तिसऱ्या पायाचा रक्तपुरवठा जास्त करून मुलीच्या बाजूनं, म्हणजे तो तिच्याकडे राहिला असता तर टिकायची शक्यता जास्त होती. पण आई भारती आणि आईचे वडील, पैसेवाला आणि राजकारणात वजन असलेला माणूस, दोघं डॉक्टरला भेटतात आणि पाय मुलाला लावायचं ठरतं. डॉक्टरला नर्सिंग होमसाठी बंगलोरमध्ये जागा मिळते. मुलाच्या अंगावर तो पाय जेमतेम दोन दिवस टिकतो, मग कापावाच लागतो. दोन्ही मुलं नकली पायावर वाढतात, लंगडतात, आणि तारा पुढे जगत नाही. हे सगळं चंदन सांगतो, जो आता लंडनला एका खोलीत डॅन या नावानं राहतो आणि बहिणीची गोष्ट लिहायला बसलाय, पण लिहिता लिहिता ती त्याचीच गोष्ट होऊन जाते आणि शेवटी तो तिची माफी मागतो.

आता अडचण. या पटेल कुटुंबात वडील गुजराती, आई भारती कन्नड, घर राहतं बंगलोरला आणि बोलतं इंग्रजीत. मी पहिला ड्राफ्ट प्रमाण मराठीत केला तर पोट्टे बोलायला लागले की पाठ्यपुस्तकातला धडा वाचून राहिले असं वाटे. मग ग्रुपमधल्या एका मुलानं, तो काटोलकडचा आहे, भारतीचा सीन वऱ्हाडीत करून दाखवला. इतका जिवंत झाला की सगळे गप्प बसले. मीही खूश झाले, पण घरी आल्यावर रात्रभर डोक्यात फिरत राहिलं की हे चुकतंय. वऱ्हाडीत केलं की बघणारा म्हणणार, हो, खेड्यात असं होतंच, शिकलेली नसतात ना माणसं. आणि दत्तानींचं म्हणणं नेमकं उलटं आहे! हे घर शिकलेलं आहे, पैसेवालं आहे, इंग्रजी बोलणारं आहे, आणि तरी तिथे आई पोरीचा पाय काढून पोराला देते. इंग्रजी इथे नुसती लिहायची भाषा नाहीये, त्या घराच्या गुन्ह्याचा पुरावा आहे. ती काढली तर मी प्रेक्षकाला पळवाट देते असं मला वाटतं.

मी हे इतकं मनावर का घेतलंय तेही सांगते. आमच्या घरी पण सगळे शिकलेले. भावाला बारावीनंतर बाहेरगावी क्लास लावला, मला सांगितलं तू हुशार आहेस, तुझं इथेच होऊन जाईल. कोणी ओरडलं नाही, कोणी मारलं नाही, सगळे प्रेमानंच बोलले. 'तारा'मध्ये वडील पोराच्या करिअरचं बोलतात, पोरगा आईजवळ बसून विणकामात मदत करतो ते त्यांना खपत नाही, आणि पोरगी समोर बसलेली असते, तिच्या भविष्याचा विषयच निघत नाही. तो सीन मी वर्गात शिकवताना दरवर्षी आवाज सांभाळून वाचते.

तर प्रश्न असे आहेत. घराची भाषा काय ठेवू? कुटुंब गुजराती-कन्नड आणि गाव बंगलोरच ठेवू की सरळ नागपूरला आणू? आणि परवानगीचं कसं असतं, प्रयोग फक्त कॉलेजच्या हॉलमध्ये आहे, तिकीट नाही. अजून एक, आमचे बायोलॉजीचे सर म्हणाले की चिकटलेली जुळी मुलं नेहमी एकाच लिंगाची असतात, मुलगा-मुलगी असूच शकत नाही, मग नाटकाचा पायाच खोटा नाही का? मुलं त्यावरून थोडी ढिली पडली आहेत.

प्रतिसाद १
ताई, तुमचे बायोलॉजीचे सर बरोबर आहेत, अशी जुळी एकाच फलित पेशीपासून होतात त्यामुळे लिंग एकच असतं. पण मुलांना सांगा की दत्तानींना ऑपरेशनची केस लिहायची नव्हती. मुलगा आणि मुलगी एकाच शरीरातून निघालेत, फरक कापणाऱ्यानं केलाय, हे स्टेजवर डोळ्यांना दिसावं म्हणून ते आहे. नाटक 1990 चं. आपल्या महाराष्ट्रानं गर्भलिंग चाचणीविरुद्ध कायदा 1988 लाच केला होता आणि देशभराचा कायदा 1994 ला आला, म्हणजे सोनोग्राफीच्या खोलीत शिकलेली माणसं काय करून राहिली आहेत हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. नाटकात डॉक्टर आहे तो उगाच नाही. मुलांना हे जोडून द्या, ढिली नाही पडणार.

प्रतिसाद २
परवानगीबद्दल. कॉलेजच्या मुलांनी आणि स्टाफनं केलेला प्रयोग, प्रेक्षक फक्त कॉलेजचे, पालक आणि कॉलेजशी संबंधित लोक, याला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. पण ती सवलत प्रयोगाची. भाषांतर हा वेगळा हक्क आहे आणि लेखक हयात आहेत, त्यामुळे मॅडम, प्रकाशकामार्फत लेखी विचारा, त्यांची नाटकं पेंग्विननं काढली आहेत. बाहेरच्या स्पर्धेत न्यायचं असेल तर परवानगी हातात आल्याशिवाय नावच देऊ नका. आणि गाव बदलून नागपूर करायचं असेल तर तेही त्याच पत्रात स्पष्ट लिहा.

प्रतिसाद ३
मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून भाषेबद्दल बोलतो. आपल्याच गावात एलकुंचवार सरांनी इंग्रजी शिकवलं आणि नाटकं मराठीत लिहिली. 'वाडा चिरेबंदी' काढून बसा एकदा. घर एकच, पण वाड्यात राहिलेल्यांची बोली वेगळी आणि मुंबईहून आलेल्या सुधीर-अंजलीची वेगळी, आणि कोण कुठे पोचलं, कोण मागे राहिलं ते त्या बोलण्यातूनच कळतं. तुम्ही संपूर्ण घराला एक भाषा शोधताय, तिथे गाडी अडतेय. उदाहरणाला नागपुरातलं पैसेवालं घर घ्या, बाप फोनवर इंग्रजी, ड्रायव्हरशी हिंदी, बायकोशी मराठी, आणि पोरांसमोर काही लपवायचं असलं की पुन्हा इंग्रजी. पटेलांना पटेलच राहू द्या, बंगलोरही राहू द्या, कारण गुजराती घरातल्या जुन्या दूधपितीच्या, म्हणजे जन्मलेल्या मुलीला दुधात बुडवून मारण्याच्या प्रथेचा उल्लेख त्यात आहे, तो गाव-जात बदलली की लटकून राहील. फक्त कोणत्या क्षणी कोण कोणत्या भाषेत जातं ते ठरवा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र काल पाठवलं. भाऊ, तुमचं ऐकून काल तालमीत करून पाहिलं. वडील शेवटी मुलांना ऑपरेशनचं खरं सांगतात तो सीन आधी पूर्ण मराठीत होता. आता ते इंग्रजीत सुरू करतात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तसं, रक्तपुरवठा, टक्केवारी, डॉक्टर, सगळं इंग्रजीत, आणि "तुझ्या आईनं ठरवलं" हे एवढंच वाक्य मराठीत येतं. तारा करणारी मुलगी त्या वाक्यावर वळून बघायची ते काल वळलीच नाही, तशीच बसून राहिली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तेच ठेवलंय.

भारतीसाठी वऱ्हाडी पूर्ण काढली नाही. ती एकटी ताराला जवळ घेते, तुला मी किती प्रेम देणार बघ असं सांगत राहते, तेवढ्या वेळी तिची माहेरची बोली बाहेर येते. काटोलच्या त्या मुलानंच ती वाक्यं लिहून दिली. कन्नड बाईच्या तोंडी वऱ्हाडी, हे खटकेल का ते मला अजून कळत नाहीये, त्यावर कोणी बोलाल तर बरं होईल.

आणि एक शेवटचं. दोघांनी वेगवेगळ्या पायानं लंगडायचं आहे, मुलं पाच मिनिटांत विसरतात आणि पाय बदलतात. बुटात काही घालून सराव करतात असं ऐकलंय, कोणी केलंय का? पायाला इजा होणार नाही असंच काही सांगा, प्रयोगाला अजून महिना आहे आणि ही लेकरं रोज दोन-दोन तास चालून राहिली आहेत.