ढेकूण, घुशी आणि सरकारी क्वार्टर: तुमचे अनुभव लिहा

सुप्त ज्वालामुखी
काल लेकीने वसतिगृहातून फोटो पाठवला. दंडावर ओळीने उठलेल्या तीन गांधी. "आई, डास असे रांगेत चावतात का गं?" म्हटलं डास नव्हेत बाळे, गादीची शिवण उलटून बघ. पाच मिनिटांत नुसतं "ईईईई" आलं आणि मी पार लहानपणीच्या क्वार्टरमध्ये जाऊन पोचले.

दोन खोल्या, पुढे व्हरांडा. आई दुपारी दार लावून घ्यायची, खाट उभी करायची आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. माझं काम गादीच्या काठाच्या शिवणीतून पिन फिरवायची. चिरडलेल्या ढेकणाचा तो वास, कोथिंबीर कुजल्यासारखा. कडी काढायच्या आधी उदबत्ती. "कुणाला बोलायचं नाही हं." बाबा एकदाच ऑफिसात सांगायला गेले. तिथले म्हणाले, "आधीच्या लोकांची कधी तक्रार नव्हती. गावाहून अंथरुणं आणलीत का?" बाबा पुन्हा गेले नाहीत.

बदली झाली तेव्हा सामान टेम्पोत चढत असताना खालच्या काकू हळूच आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडेपण होते ना हो?" चार वर्षं आख्खी बिल्डिंग दारं लावून पाणी ओतत होती!

तुमचे अनुभव लिहा. आणि अशा वेळी सरकारी घरात राहणाऱ्याला काही हक्क असतो का, तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

पावशेर
ढेकूण परवडले. आमच्याकडे घूस होती. मोरीच्या जाळीवर पाटा, पाट्यावर वरवंटा, तरी सकाळी पाटा सरकलेला. वडील तक्रार द्यायला गेले तर तिथल्याने सूचकपणे टेबलाचा खण उघडला. म्हणजे घूस घालवायला घूस.

शेवग्याची शेंग
@पावशेर हाहाहा. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

निवांत निवृत्त
मी टेबलाच्या पलीकडचा. देखभालीच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं. शिव्या घाला, पण आधी ऐका.

तोंडी तक्रार म्हणजे तक्रारच नाही. रजिस्टरला नोंद नाही, तर वर मागणी जात नाही आणि मागणी नाही तर पैसे नाहीत. शरमेने कुणी लिहून देत नाही, म्हणून कागदावर ती बिल्डिंग कायम स्वच्छ. "आधीच्यांची तक्रार नव्हती" हे तो बाबू खरंच सांगत असणार, रजिस्टर बघून.

दुसरं, एकच खोली मारून उपयोग नाही. ढेकूण वायरिंगच्या पट्टीतून, भिंतीच्या भेगेतून शेजारी जातात, वास ओसरला की परत. अंड्यांवर बहुतेक औषधं नीट चालत नाहीत. आठ-दहा दिवसांत ती फुटतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी फवारणीचा दुसरा हात हवाच. आमच्या इस्टिमेटात दुसरा हात कधी नसायचा. "खोल्या इतक्या, दर इतका", संपलं.

एका बिल्डिंगीने मात्र सगळ्यांनी मिळून एकच अर्ज दिला, चोवीसच्या चोवीस सह्या, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का मारून घेतला. त्यांना दोन्ही हात मिळाले. एका सहीचा अर्ज टेबलावर वाळतो, चोवीस सह्यांचा साहेबापुढे ठेवावाच लागतो.

सुप्त ज्वालामुखी
@निवांत निवृत्त, काका, हे बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तरी अंथरुणांचं बोलायला नको होतं."

निवांत निवृत्त
नकोच होतं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

कलमबहाद्दर
हक्काचं विचारलंय म्हणून. खासगी भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे. कलम १४ प्रमाणे जागा राहण्यालायक ठेवणं मालकाचं काम. निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मर्यादेत. पण त्याच कायद्याचं कलम ३ वाचा. सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागूच नाही! क्वार्टरवाला तर भाडेकरूही नाही. लायसन्स फी कापून राहणारा, वर घरभाडे भत्ता बंद. त्यामुळे "मी पेस्ट कंट्रोल करून फीमधून कापून घेईन" हे चालणार नाही, कुणी करू नका.

उरतं काय? लेखी अर्ज, पोच, वरच्या साहेबाला स्मरणपत्र. तरी हलले नाहीत तर माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. "फवारणी का करत नाही" असं विचारू नका, "का"ला माहिती समजत नाहीत. "गेल्या तीन वर्षांत या इमारतीत कधी फवारणी झाली, बिलांच्या प्रती द्या" असं विचारा.

मुंबईत उंदीर-घुशींसाठी वॉर्ड ऑफिसात कीटकनाशक खातं आहे, १९१६ ला फोन करून तक्रार क्रमांक घ्या.

शेवग्याची शेंग
झाला कुकर. @कलमबहाद्दर, अगदी हेच केलं होतं आम्ही! उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. वर्षात दोनदा फवारणी झाल्याचं लिहिलेलं. सोबत कागदाची झेरॉक्स, "काम समाधानकारक" आणि खाली यांची सही. तारीख बघितली तर गणपतीतली. आम्ही सगळे कोकणात, क्वार्टरला कुलूप. आणि सहीत आडनावात र्‍हस्व-दीर्घ चुकलेलं. हे मराठीचे शिक्षक हो! ढेकणांपेक्षा त्याच गोष्टीने चिडले.

पावशेर
मग?

शेवग्याची शेंग
मग काय, झेरॉक्स घेऊन गेले. चौथ्या दिवशी माणसं पंप घेऊन दारात. मी म्हटलं आमची एकटीची नको, दोन्ही जिने करा. खोट्या सहीची तक्रार मात्र यांनी पुढे नेली नाही, निवृत्तीला दीड वर्ष होतं. मला अजून पटलेलं नाही ते.

रातराणी
लाईनीतली खोली. हे नाईटला, मी आणि तीन महिन्यांचं बाळ. खाटेचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवायचे, मच्छरदाणी गादीखाली खोचायची. तरी सकाळी बाळाच्या दुपट्यावर रक्ताचा ठिपका. कुणाला सांगणार, सासूबाई म्हणाल्या असत्या मुलगी घाणेरडी. आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय.

सुप्त ज्वालामुखी
@रातराणी, मिठी गं. घाणेरडेपणाचा संबंधच नाही. ढेकणाला रक्त लागतं, स्वच्छ घरातलंही चालतं त्याला.

जुनं ते सोनं
अवांतर. मुंबईत सरकारी चाळी बांधायला सुरुवात झाली तीच मुळी उंदरांच्या रोगामुळे. १८९६ ला प्लेग आला, दाट वस्तीत माणसं पटापट मेली, मग १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढून हवेशीर घरं बांधायचं ठरलं. बीआयटी चाळी हे नाव त्यावरूनच.

पावशेर
आणि उंदरांनी एक शतक थांबून ताबा घेतला.

मीच ती
चिचुंद्रीला मारू नका म्हणायची आजी, लक्ष्मी येते तिच्यामागून. आमच्याकडे चिचुंद्री बारा वर्षं होती. लक्ष्मीचं काय अडलं कळलं नाही.

दोडका
कापराने जातात का ढेकूण?

निवांत निवृत्त
नाही. आणि कुणी सांगितलं तरी रॉकेल-पेट्रोल गादीला लावू नका. आमच्या एका क्वार्टरला आग लागलेली मी पाहिली आहे. कपडे-चादरी कढत पाण्यातून काढा, भेगा बुजवा. आणि खोली महिनाभर बंद ठेवली की मरतील या भरवशावर राहू नका, महिनोन्महिने उपाशी राहतात.

चाफा
@शेवग्याची शेंग, दोन जिने, पुढे विहीर आणि विहिरीशी उंबर? सी बिल्डिंग?

शेवग्याची शेंग
अय्या!! कोण तुम्ही? वरच्या मजल्यावरचे का?

चाफा
धाकटी. तुम्ही दोन्ही जिने करायला लावलेत त्या दिवशी आई देव्हारा डोक्यावर घेऊन अंगणात बसली होती. तुमच्या विचारपुशीत (विपूत) बोलते.

सुप्त ज्वालामुखी
लेकीला सगळं वाचायला लावलं. वसतिगृह सरकारीच आहे. तिने अर्ज लिहिलाय, आत्तापर्यंत एकतीस सह्या. बारा नंबरच्या खोलीतल्या मुली म्हणतात आमच्याकडे नाहीत, आम्ही सही करणार नाही.

रातराणी
बारा नंबरमध्ये सगळ्यात जास्त असणार.

दोडका
आणि भीमसेनी कापराने?