मदत हवी आहे: पोकर नीट शिकायचं आहे, पण आता उशीर झालाय का?

सहावी_खुर्ची

नमस्कार मंडळी,

आमचा सहा मित्रांचा एक अड्डा आहे. पोकरमधला टेक्सस होल्डेम (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच) खेळतो, नो-लिमिट (एका वेळी कितीही चिप्स लावता येतात), पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर. जो शेवटपर्यंत टिकेल त्याला पुढच्या बैठकीत पत्ते पिसावे लागत नाहीत, एवढंच बक्षीस. नियम सगळ्यांना पाठ आहेत. पण खेळ त्यापुढे सरकत नाही, आणि मला तो सरकवायचा आहे.

पोटापाण्यासाठी खेळायचं नाही, नोकरी सोडायची नाही. तेव्हा ‘जुगाराच्या नादी लागू नका’ असा प्रतिसाद कुणी टंकायला घेतला असेल तर त्याने जरा दम धरावा, तो मुद्दा मला मान्यच आहे. मला पडलेले प्रश्न वेगळे आहेत. हौशी माणूस मित्रांच्या टेबलावरून पुढे जातो तो नेमका कसा? आपल्याला खेळता येतंय की नुसती पानं चांगली पडताहेत, हे ओळखायचं कशावरून? आणि संगणकाने हा खेळ पार उलगडून ठेवलाय असं जिथेतिथे वाचतो. मग आत्ता शिकायला बसणं म्हणजे वरात गेल्यावर घोडा सजवणं तर नाही?

एक डाव सांगतो, त्यावरूनच हे सगळं डोक्यात आलं. माझ्या हातात बदामचा राजा आणि बदामची दश्शी. फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन पानं) बदाम सत्ती, बदाम दुर्री, इस्पिक राणी. मला फ्लशसाठी, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांसाठी, आणखी एक बदाम हवं होतं. टर्नला (चौथं पान) किलवर चौकी, म्हणजे माझ्या कामाचं काही नाही. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ४०० चिप्स. समोरच्याने ४०० लावल्या. त्याच्यापुढे आणखी ३०० उरल्या होत्या, माझ्याकडे त्याहून बऱ्याच जास्त. मी विचार करून पत्ते टाकले, म्हणजे फोल्ड केलं. मग गंमत म्हणून रिव्हरचं (पाचवं, शेवटचं) पान उलटून पाहिलं, तर बदाम! त्याने राणी दाखवली. तेव्हापासून टेबलावर माझं नाव ‘फोल्डशेठ’ पडलंय.

मी चुकलो का?

निवांत

नाव झकास आहे. सदस्यनाम बदलून घ्या.

गणित_भागिले_दोन

आधी डावाचं बघू, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच निघतं.

४०० च्या पॉटमध्ये त्याने ४०० टाकल्या. म्हणजे तुम्ही ४०० देऊन ८०० साठी खेळणार. बरोबरीत सुटायला तीनदा खेळून एकदा तरी जिंकायला हवं, म्हणजे ३३ टक्के. आता तुम्हाला ६ पानं दिसताहेत, न दिसलेली ४६. त्यांत बदाम ९. झाले साडेएकोणीस टक्के. समोर राणीची जोडीच आहे असं समजून उरलेले तीन राजेही जमेत धरू. १२ पानं, २६ टक्के. तरी पुरत नाहीत.

यावर लोक म्हणतात, ‘लागलं तर पुढे आणखी काढू की.’ तोही हिशोब करू. नऊच पानं धरली तर रिव्हरवर त्याच्याकडून सरासरी ८४५ च्या आसपास चिप्स जास्तीच्या मिळाल्या तरच कॉल (त्याच्याइतक्याच चिप्स देऊन डावात राहणं) परवडतो. बारा धरली तर ३३३. त्याच्याकडे होत्या ३००! म्हणजे सगळं तुमच्या बाजूने मोजूनही कॉल तोट्यात जातो. रेझ करून (त्याच्याहून जास्त लावून) त्याला पळवायचं म्हणाल तर एवढ्या मोठ्या पॉटसाठी शेवटच्या ३०० कुणी वाचवत बसत नाही. तुमचा फोल्ड बरोबर होता. रिव्हरला बदाम आलं, याचा त्या निर्णयाशी काडीचा संबंध नाही.

आता येतंय की नशीब, हे ओळखण्याबद्दल. निकालावरून ओळखायचं म्हणाल तर अतोनात वेळ लागतो. समजा एखादा खरोखर चांगला खेळाडू आहे, दर १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड (डावाआधी दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या रकमांतली मोठी; लहान ती स्मॉल ब्लाइंड) जिंकणारा. नो-लिमिटमध्ये १०० डावांतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ९० बिग ब्लाइंडच्या आगेमागे असतं. १०,००० डावांनंतर त्याच्या खात्यात ५०० जमायला हवेत, पण चढउतार असतो ९०० चा. म्हणजे हा चांगला खेळाडू दहा हजार डाव खेळूनही दहातल्या जवळजवळ तीन वेळा तोट्यात दिसेल. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात. दहा हजारांना किती तास लागतील ते तुम्हीच मांडा. अड्ड्यावर कोण ‘जिंकतो’ यावरून तर काहीच ठरत नाही.

म्हणून डावाचा निकाल बाजूला ठेवून निर्णय तपासायचा. आत्ता वर केलं तसं. हे कंटाळवाणं वाटत असेल तर पोकर तुमच्यासाठी नाही, आणि मजा वाटली असेल तर तुम्ही आधीच आत आला आहात.

फिरता_डीलर

गणितरावांशी सहमत. मी पहिल्या प्रश्नाकडे वळतो.

हौशी लोक यात आले त्याची सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट २००३ ची. ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइट स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटची जागा मिळवली. तिथली थेट प्रवेश फी १०,००० डॉलर. ८३९ खेळाडूंत तो पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्याच सुमारास टीव्हीवर खेळाडूंचे झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवायला लागले होते. घरबसल्या लोकांना वाटलं, अरे, हे तर आपणही करू. २००६ मध्ये त्याच स्पर्धेला ८,७७३ जण आले.

ही गोष्ट ऐकून आलेले पुष्कळ, टिकलेले थोडे. सॅटेलाइट हा स्वस्तात मोठ्या टेबलावर पोचायचा खरा मार्ग आहे, पण त्याला शिक्षण म्हणता येत नाही. टिकतात ती माणसं त्यामानाने नीरस कामं करतात. होल्डेममध्ये सुरुवातीच्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. रंगांचा फरक बाजूला ठेवला तर १६९ प्रकार. त्यांतले कुठल्या खुर्चीवरून खेळायचे आणि कुठले टाकायचे, हे पाठ करावं लागतं. नऊ जणांच्या टेबलावर सगळ्यांच्या आधी बोलायचं असेल तर दहा-पंधरा टक्केच हात खेळण्याजोगे असतात. बटणावर (फ्लॉपपासून सगळ्यांत शेवटी बोलणारी खुर्ची) बसलात आणि आधीच्या सगळ्यांनी टाकले असतील तर चाळीस टक्क्यांच्याही वर. मित्रांच्या टेबलावर हे कुणी पाळत नाही, कारण पत्ते टाकून बसणं कुणालाच आवडत नाही. फुकट चिप्सच्या ॲपवर तर त्याहून गोंधळ. तिथे सगळे सगळं कॉल करतात. त्यामुळे बटणं कुठली दाबायची ते कळतं, बाकी काही नाही.

अनोळखी टेबलावर पहिल्यांदा बसलात की खेळाआधी रीतभात आडवी येते. समजा समोरच्याने १०० लावले आणि तुम्ही न बोलता ५०० ची एकच चिप पुढे सरकवली. मनात रेझ असला तरी तो कॉल धरतात. रेझ करायचाय तर चिप टेबलाला लागण्याआधी तोंडाने म्हणा. थोड्या चिप्स पुढे ठेवल्या, हात मागे आणला आणि आणखी नेल्या, तर दुसरी खेप धरत नाहीत. पाळी नसताना बोलायचं नाही. स्वतःच्या पत्त्यांवर एक चिप ठेवायची, नाहीतर डीलर चुकून ते गोळा करतो आणि मग भांडून उपयोग नसतो. डाव संपल्यावर पुढचं पान उलटून बघायची सोयही बहुतेक स्पर्धांत नसते. हे सगळं अड्ड्यावरच अंगवळणी पाडून घ्या, फुकट आहे.

जमाखर्च

‘जुगाराच्या नादी’वाला प्रतिसाद मीच टंकत होतो. थोडा बदलून देतो.

मित्रांच्या टेबलावर एकाचं गेलेलं दुसऱ्याकडे येतं, बेरीज शून्य. पैशांच्या टेबलावर घर, म्हणजे खेळ चालवणारा, प्रत्येक पॉटमधून कापून घेतं, त्याला रेक म्हणतात. पाच टक्के आणि त्यावर कमाल मर्यादा, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी असतो. सहा अगदी सारख्या ताकदीचे खेळाडू बसवा आणि खेळवत राहा. कालांतराने सहाही तोट्यात. म्हणजे सरासरीपेक्षा चांगलं असून भागत नाही. रेक फिटेल इतकं चांगलं असावं लागतं.

ऑनलाइनचं आणखी एक. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने तिथल्या सगळ्यात मोठ्या पोकर साइट्सवर एका दिवसात टाच आणली. त्यांतल्या फुल टिल्टवर अडकलेले पैसे अमेरिकेतल्या खेळाडूंना परत मिळायला २०१४ उजाडलं. कायदा देशागणिक बदलतो, काही देशांत राज्यागणिकही, आणि रातोरात बदलतो. पैसे लावायचा विचार कधी आलाच तर आपल्या ठिकाणचा आजचा कायदा आधी वाचा. गेलेलं परत आणायला बसावंसं वाटू लागलं किंवा घरी आकडा कमी करून सांगावासा वाटला, तर त्याच दिवशी उठा. तिथे फोल्डचा हिशोब करत बसू नका.

तिसरा_मेंदू

संगणकाचा भाग माझ्या आवडीचा, म्हणून जरा सविस्तर.

‘उलगडला’ हा शब्द लोक सैल वापरतात. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रोग्रामने दोघांचा लिमिट होल्डेम जवळपास पूर्ण सोडवला. लिमिट (एका वेळी किती लावायचं ते ठरलेलं), आणि दोघंच. तुमचा नो-लिमिट खेळ कितीतरी पट मोठा. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटसने चार व्यावसायिकांना दोघांच्या नो-लिमिटमध्ये १,२०,००० डावांवर हरवलं. तिथेही दोघंच. सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना मागे टाकणारा प्लुरिबस आला २०१९ मध्ये. त्याला शिकवायला लागलेली संगणकशक्ती भाड्याने घेतली असती तर दीडशे डॉलरही लागले नसते, असं त्याच्या निर्मात्यांनीच मांडलं होतं. मला त्याच्या विजयापेक्षा हा आकडा जास्त हादरवून गेला.

पण हरवणं वेगळं आणि सोडवणं वेगळं. सहा जणांच्या खेळाचं अंतिम उत्तर प्लुरिबसकडेही नव्हतं. शिवाय तो स्वतःचाच खेळ खेळतो. समोरचा घाबरलाय की चिडलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या अड्ड्यावर कुणी दर डावाला कॉल करत असेल, तर त्याच्याकडून जास्तीत जास्त काढायचा रस्ता यंत्राच्या संतुलित खेळापासून बराच दूर जातो.

हौशी माणसाला याचा फायदाच झालाय. पूर्वी जाणकारांच्या कंपूत शिरल्याशिवाय जे कळत नसे, ते आता सॉल्व्हरला (डावाचं गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामला) विचारता येतं. एक मजा म्हणजे प्लुरिबसने जुन्या समजुतीही तपासून दिल्या. पहिल्या फेरीत नुसता कॉल करून आत शिरणं, ज्याला लिंपिंग म्हणतात, ते स्मॉल ब्लाइंड सोडला तर वाईटच, हे त्याच्या खेळातून पुन्हा दिसलं. उलट, आधीच्या फेरीत कॉल करून पुढच्या फेरीत आपणच पहिली बेट करणं, ज्याला डाँक बेट म्हणून हिणवतात, ते तो माणसांपेक्षा जास्त वेळा करत होता.

भवितव्याबद्दल माझं मत: मोठ्या रकमेचा ऑनलाइन खेळ अवघड होत जाणार. समोर माणूस आहे, बॉट आहे की बाजूला सॉल्व्हर उघडून बसलेला माणूस, हे ओळखणं कठीण आणि त्याला रोखणं खर्चिक. प्रत्यक्ष टेबलाचं तसं नाही. त्याच मेन इव्हेंटला २०२३ मध्ये १०,०४३ आणि २०२४ मध्ये १०,११२ जण बसले, प्लुरिबस येऊन गेल्यानंतर. फी तीच, १०,००० डॉलर, १९७२ पासून. बुद्धिबळात यंत्र कधीच पुढे गेलं, म्हणून लोकांनी पट गुंडाळून ठेवले नाहीत.

जमाखर्च

बुद्धिबळात हरलं तर खिसा हलका होत नाही, एवढाच फरक.

तिसरा_मेंदू

मान्य. म्हणूनच धागाकर्त्याचा चिप्सवरचा अड्डा मला आवडला.

सहावी_खुर्ची

सगळ्यांचे मनापासून आभार. गणितरावांचा प्रतिसाद गटावर डकवला आहे, त्यावर ‘शेठ अभ्यास करतात’ अशी नवी टवाळी सुरू झाली. चालायचंच.

एवढं कळलं की पैशांच्या टेबलाकडे मला इतक्यात जायचं नाही. मग शेवटचा प्रश्न असा: याच अड्ड्यावर, याच पाच जणांबरोबर, खरंच काही शिकता येईल का? की सगळे कॉल करतात म्हणून हे टेबलच निरुपयोगी?

फिरता_डीलर

येईल की, फक्त तुमची ‘शेवटपर्यंत टिकेल तो’ पद्धत बदला. तिच्यात ब्लाइंड वाढत जातात, चिप्स आटतात आणि उत्तरार्धात सगळ्या चिप्स लावा नाहीतर पत्ते टाका एवढंच उरतं. टर्न-रिव्हरचे निर्णय तुम्ही घेतच नाही, आणि पोकर खरा तिथे आहे. शिवाय जो आधी बाद होतो तो मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतो.

त्याऐवजी ब्लाइंड १ आणि २ असे कायमचे ठेवा, प्रत्येकाला २०० चिप्स द्या, म्हणजे १०० बिग ब्लाइंड. कुणी खाली गेला तर पुढच्या डावाआधी त्याला पुन्हा २०० पर्यंत भरू द्या. बैठक वेळेवर संपवायची. प्रत्येकाने किती वेळा भरलं ते कागदावर लिहा. मोठा डाव झाला की कुणाकडे काय होतं हे विचारायच्या आधी, ज्याने निर्णय घेतला त्याने समोरच्याकडे कुठले हात असतील असं वाटलं ते सांगायचं. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही.

निवांत

कागद फोल्डशेठकडे द्या. भरायची वेळ त्यांच्यावरच सगळ्यात कमी येणार.

सहावी_खुर्ची

:) कागद घेतला. आता दर डावाला कॉल करणाऱ्या त्या मित्राला ही नवी पद्धत पटवायची आहे, सूचना असतील तर येऊ द्या.