मदत हवी आहे: डेबियन पॅकेजमधील ऐच्छिक अवलंबित्व कसे नोंदवावे?

नमस्कार. स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर काढणाऱ्या एका छोट्या साधनाचे डेबियन (लिनक्सवर आधारित संगणक प्रणाली) पॅकेज मी तयार करत आहे. ते टेसरॅक्टवर (चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामवर) चालते, त्यामुळे टेसरॅक्ट ‘डिपेंड्स’मध्ये, म्हणजे अनिवार्य पॅकेजांच्या यादीत, असणार हे उघड आहे. प्रश्न मराठीच्या भाषा-पॅकेजचा आहे. ते नसले तरी साधन इंग्रजी पाने वाचते; मात्र ज्यांच्यासाठी मी ते लिहीत आहे, त्यांची बहुतेक पाने मराठी आहेत.

डेबियनच्या धोरणानुसार, अपवादात्मक परिस्थिती वगळता जे पॅकेज सोबत असायलाच हवे ते ‘रेकमेंड्स’मध्ये (शिफारशींत) जाते आणि एपीटी, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज बसवणारा प्रोग्राम, ते आपोआप बसवतो; ‘सजेस्ट्स’मधले (केवळ सुचवलेले) मात्र बसवत नाही. माझा कल ‘रेकमेंड्स’कडे आहे. परंतु कंटेनर (प्रोग्राम चालवण्यासाठीचे छोटे, वेगळे वातावरण) तयार करताना शिफारशी वगळण्याचा पर्याय सर्रास वापरला जातो, आणि मग मराठी पॅकेज येतच नाही. तरीही ते ‘डिपेंड्स’मध्ये टाकणे मला पटत नाही, कारण ज्यांना मराठी नको त्यांच्यावर ती सक्ती ठरेल.

दुसरी अडचण साफसफाईची आहे. वापरकर्त्याने भाषा-पॅकेज स्वतः बसवले, तर त्याची नोंद ‘मॅन्युअल’ अशी होते, आणि पुढे साधन काढले तरी ‘ऑटोरिमूव्ह’ (नको असलेली पॅकेजे काढणारी एपीटीची आज्ञा) भाषा-पॅकेजला हात लावत नाही. ‘एपीटी-मार्क’ या आज्ञेने ती नोंद ‘ऑटो’ करता येते, पण हे प्रत्येकाला सांगत बसणे व्यवहार्य वाटत नाही.

अशा वेळी आपण पॅकेजची विभागणी करून मराठीसाठी वेगळे मेटापॅकेज (फक्त इतर पॅकेजे सोबत आणणारे पॅकेज) देता का? आणि भाषा-पॅकेज नसल्यास साधनाने स्पष्ट सूचना देऊन थांबावे, की इंग्रजीवर काम पुढे चालू ठेवावे?