दुकानाची पाटी: तुमच्या आठवणीतली, तुमच्या धंद्यातली

भुसारगल्ली
गेल्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला आणि आमच्या कराडच्या दुकानावरचा फ्लेक्स मधोमध टराटरा फाटला. भावाने फोटो पाठवला, "ताई, मागे काय निघालं बघ." मागे जुना पत्रा. पिवळ्यावर तांबडी अक्षरं, प्रत्येक अक्षराला उजवीकडून काळी सावली. 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी'. मी ऑफिसच्या जिन्यात बसले आणि डोळ्यांना पाणी आलं.

तो पत्रा रंगवला तेव्हा मी तिसरीत होते. पेंटरकाका सायकलला डबे टांगून आले, पण पहिला दिवसभर त्यांनी ब्रशला हात लावला नाही. नुसते पोत्यावर बसून राहिले. कोण येतं, काय मागतं, कुठून येतं ते बघत. संध्याकाळी बाबांना घेऊन पलीकडे एसटी स्टँडच्या फाटकाशी गेले. म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक पाटण-ढेबेवाडीच्या गाडीतून इथं उतरतं. त्याला इथून वाचता आलं पाहिजे." त्यांचा हिशेब होता दहा फुटाला एक इंच. फाटकापासून दुकान एकशेवीस फूट भरलं, म्हणून 'किराणा' बारा इंचाचा. बाबांना आजोबांचं नाव मोठं हवं होतं. काका म्हणाले, "नाव लहान असू द्या, ओळखीचे तसेही येतात."

दुसऱ्या दिवशी सुतळीला खडू चोळला, एक टोक माझ्या हातात दिलं, ताणून मधे धरून टण्णकन सोडली. पत्र्यावर पांढरी रेघ. ती शिरोरेषा. मग डाव्या हातात टोकाला चिंधीचा बोळा बांधलेली काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवून एका दमात 'क'ची गोलाई. मी श्वास रोखून बघत होते.

पुढे एका शीतपेयाच्या कंपनीने फुकट बोर्ड लावून दिला. त्यात बाटली एवढी मोठी की दुकानाचं नाव तळाच्या पट्टीत. त्याच्यावर कधीतरी फ्लेक्स आला. नवीन गिऱ्हाईक समोर उभं राहून फोन करायचं, "किराणा दुकान नक्की कुठे?" बाबा बाहेर येऊन हात हलवायचे. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

आता पत्रा उघडा पडलाय, तर येणारे-जाणारे थांबून वाचतायत. पाटी बघून तुम्ही कुठे आत शिरलात, कुठे परत फिरलात, स्वतःची पाटी लावताना काय झालं, सगळं लिहा.

सातूचंपीठ
रडवलंस गं. खडूची सुतळी!! आमच्या घराच्या बांधकामावर गवंडीमामा ओळंब्यासोबत तीच काढायचे. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय. तुमच्याकडे मेतकूट मिळायचं का?

अक्षरजुळणी
इचलकरंजीत वीस वर्षं डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतोय, त्यामुळे या धाग्यावर मला मनापासून लिहायचंय.

लोकांना वाटतं फ्लेक्सवाल्याला मराठी येत नाही. खरी अडचण वेगळी असते. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं, तो युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर चालते त्या अक्षरपद्धतीत. आमच्याकडचं जुनं डिझाइनचं सॉफ्टवेअर ते नीट ओळखत नाही. मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते, जोडाक्षर फुटतं, मधे हलन्त लोंबतो, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा हाताने टाइप केलं की नीट येतं, पण लग्नसराईत रात्री अकराला ते कोण करतो?

एक ताई पोळीभाजी केंद्र काढत होत्या. नवरा गेलेला, दोन मुलं, गाळा भाड्याचा. उद्घाटनाच्या आदल्या रात्री फ्लेक्स न्यायला आल्या. उलगडला तर 'स्वादिष्ट'मधली वेलांटी 'द'च्या पलीकडे आणि 'ष' 'ट' सुटे सुटे. त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसता हात फिरवला त्या अक्षरांवरून. मग हळूच म्हणाल्या, "दादा, पाटीच अशी असली तर लोक म्हणतील हिची पोळी पण अशीच असणार." मी मशीन परत चालू केलं, रात्रीत नवीन छापून सकाळी सहाला स्वतः बांधून आलो. पैसे घेतले नाहीत, चूक माझी होती. त्या दिवसापासून एकही मराठी पाटी मोठ्याने वाचल्याशिवाय छापायला सोडत नाही. पोराला तेच शिकवलंय.

आता परिस्थिती खूप बरी आहे. नवीन सॉफ्टवेअरला युनिकोड चालतं, आणि मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, मोदक असे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. मिठाईच्या दुकानाला मोदक लावून बघा, अक्षरंच गुबगुबीत दिसतात.

पेठेतलीमी
अक्षरजुळणीदादा, तुम्हाला मनापासून नमस्कार. ताईंचं केंद्र चालू आहे ना?

अक्षरजुळणी
चालू आहे. आता तीन बायका हाताखाली आहेत. दुपारी डबा तिथूनच येतो.

ऱ्हस्वदीर्घ
आमच्या कॉलनीत 'पीठाची गिरणी' आहे. पिठाची हवं. रोज जाता-येता दिसतं.

सातूचंपीठ
आणि 'उपहारगृह'! उपहार म्हणजे भेटवस्तू. हवं उपाहारगृह, उप अधिक आहार. एवढ्यासाठी एकदा मी मालकांना चिठ्ठी लिहून दिली होती. त्यांनी खरंच रंगवून घेतलं, 'प'ला काना जोडून. तो काना थोडा अरुंद आहे पण आहे.

ऱ्हस्वदीर्घ
ग्रेट. कुठे हे? तिथे जाऊन खाणार.

सातूचंपीठ
वाईला. साबुदाणा वडा घ्या, सोबत दही मागून घ्या.

घुंगरू
पाटीवर नाही, पण धंद्याच्या ओळखीवर लिहितो. मी पुरंदरचा. आमच्या भागातून कितीतरी घरं रसवंत्या घेऊन गावोगाव गेली, आमचे चुलते पार नगरला. म्हणून बघा, कुठल्याही गावात उसाच्या रसाचं दुकान 'कानिफनाथ' नाहीतर 'नवनाथ'. बोपगावजवळ कानिफनाथांचा गड आहे, आमचं दैवत. गिऱ्हाईकाला यातलं काही माहीत नसतं, पण नाव वाचलं की रस आठवतो.

आणि खरी पाटी म्हणजे चरकाची घुंगरं. आजोबा सांगायचे, पूर्वी चरक बैल ओढायचा, घुंगरं त्याच्या गळ्यात. मशीन आल्यावर ती मशीनला बांधली. उन्हात डोळे मिटून चालणारा माणूस पण त्या आवाजाने वळतो. चुलत्यांनी एका वर्षी आवाजाचा त्रास नको म्हणून घुंगरं काढली होती. आठवड्यात परत बांधली. लोक विचारायला लागले, आज रस बंद का?

मांडवीकाठ
अगदी अगदी! आमच्याकडे गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलवर टोपली आणि रबरी भोंगा, पों पों. त्याला पाटीच नाही. आजी अंथरुणातून आवाजावरून सांगायची, हा आपला की दुसऱ्या वाड्यावरचा. पणजीत फोंतेन्यास या जुन्या वस्तीत गेलात तर भिंतींतल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवरची घरांची आणि रस्त्यांची नावं बघा. पावसात एवढी धुतली जातात तरी रंग हलत नाही. मला त्या फरशा बघितल्या की आत कोणीतरी घर जपून राहतंय असं वाटतं.

पेठेतलीमी
पोदेरच्या उंड्याची, त्या गोल पावाची आठवण काढलीत, आता काय करू पुण्यात.

मांडवीकाठ
या इकडे. सकाळी सहाला गरम.

जिनाचढून
माझं नाशिकला पहिल्या मजल्यावर पार्लर आहे. सुरुवातीला भला मोठा ग्लो साइन केला, गुलाबी, एका मॉडेलचा चेहरा. खर्च बराच झाला. तीन महिने रिकामी बसले. मग समोरच्या टेलरिंगवाल्या काकूंनी सांगितलं, "अगं, बायका जिन्याशी येतात, वर बघतात, परत जातात." मी खाली उभी राहून बघितलं. जिना अंधारा. वर कोण आहे, किती घेतात, काही कळत नाही. एकटी बाई का चढेल?

जिन्यात दोन दिवे लावले. खालच्या पायरीशी साध्या पांढऱ्या फळीवर दर लिहिले, आयब्रोपासून सगळे, आणि खाली 'फक्त महिलांसाठी, मी स्वतः असते, १० ते ७'. शिवाय रस्त्याला काटकोनात एक छोटी पाटी, दोन्ही बाजूंनी दिसणारी. माझा मोठा बोर्ड रस्त्याला समांतर होता, तो फक्त समोरच्या गॅलरीतल्यांना दिसायचा. फुटपाथवरून चालणाऱ्या बाईला तो डोक्यावरून जायचा. पहिल्याच आठवड्यात ज्या आल्या त्यातली एक म्हणाली, दर वाचले म्हणून धीर झाला. ती आज माझी जवळची मैत्रीण आहे.

भुसारगल्ली
जिनाचढून, दराच्या फळीचं भावाला सांगते. आमच्याकडेही लोक भाव विचारायला लाजतात.

दवाखाना
आम्ही नवरा-बायको दोघं डॉक्टर. दवाखाना काढला तेव्हा पाटीवर लाल क्रॉस काढून घेतला, सगळ्यांच्या असतो म्हणून. एका ज्येष्ठ सरांनी बाजूला घेऊन सांगितलं, ते चिन्ह डॉक्टरांचं नाही. १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने ते राखून ठेवलंय, सैन्याची वैद्यकीय सेवा आणि रेड क्रॉससाठी. युद्धात त्या खुणेवर गोळी झाडायची नाही एवढा तिचा मान. ऐकून अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून पुसून घेतला.

पण पाटीपेक्षा बाहेरचा बाक जास्त बोलतो हे मला नंतर कळलं. म्हातारं माणूस आधी बसायला कुठे आहे ते बघतं.

श्टुटगार्टहून
दवाखान्यावरून आठवलं. इथे नवीन आलो होतो, भाषा शून्य, मुलगी दीड वर्षाची, रविवारी तापाने फणफणलेली. बायको म्हणाली, औषधाचं दुकान शोध. मी आपला हिरवा क्रॉस शोधत फिरतोय, एकही दिसेना. एका आजोबांनी हाताने दाखवलं: लाल रंगाचं जुन्या वळणाचं 'ए' अक्षर, त्याच्या पोटात पेला, पेल्याला वेटोळं घातलेला साप. जर्मनीभर औषधाच्या दुकानाची खूण तीच. धावत गेलो तर दार बंद, रविवार. पण दारावर कागद होता, आज रात्रपाळीला कुठलं दुकान उघडं आहे त्याचा पत्ता. तिथे गेलो, छोट्या खिडकीतून औषध मिळालं. बंद दुकानाने मला उघड्या दुकानाचा रस्ता दाखवला हे मी जन्मभर विसरणार नाही. मुलगी आता नववीत आहे.

पेठेतलीमी
परक्या गावात मूल आजारी असणं, नको ते दिवस. बरं झालं सापडलं.

चष्मा_घरी_राहिला
आईला मोतीबिंदू. डोळ्यांच्याच दवाखान्यात घेऊन गेले, नाव लिहीत नाही. काळी काच, त्यावर सोनेरी बारीक अक्षरं, वरून ऊन चमकतंय. आई दारात उभी राहून मला विचारते, "कुठे आहे गं दवाखाना?" आत गेल्यावर टॉयलेटची खूणसुद्धा करड्यावर करडी. तिथली माणसं चांगली होती, ऑपरेशन छान झालं. पण त्या दारात आईचा चेहरा ओशाळला होता, जणू चूक तिचीच. तिथल्या मॅडमना मी सांगून आले. अक्षर जाड हवं, रंगात फरक हवा, चकाकी नको. एवढं जरी प्रत्येकाने पाळलं ना.

अक्षरजुळणी
शंभर टक्के. काळी काच आणि सोनेरी अक्षर मागायला रोज कोणीतरी येतं. मी त्यांना नमुना देतो, रस्त्यापलीकडे जाऊन वाचा म्हणतो. निम्मे परत येऊन बदलतात.

नाट्यवेडी
जाहिरातीतलं नुसतं नाव बघून नाटक हसवणार की रडवणार हे कळायचं, ती कमल शेडगे यांची अक्षरं. २०२० मध्ये गेले. बाबा पेपरमधून ती नावं कापून वहीत चिकटवायचे, वही अजून आहे. थोडं विषयांतर झालं.

सातूचंपीठ
विषयांतर कसलं, फोटो टाका वहीचा.

जागरूक
कोणी नवी पाटी करत असाल तर: महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा सगळीकडे धावपळ झाली होती. माझ्या ओळखीच्या काहींनी इंग्रजी नावाखाली घाईत मराठी पट्टी ठोकली. माझी विनंती आहे, मराठी आधी नीट मांडा, मग बाकीचं.

घुंगरू
खरंय. घाईतली पट्टी लांबूनही ओळखू येते.

बीपत्र्याचा
@भुसारगल्ली, पत्रा किती खराब झालाय? गंजला असेल तर लवकर बघा, पावसाळा तोंडावर आहे.

भुसारगल्ली
सगळ्यांना वाचतेय, लोकलमध्ये आहे म्हणून तुटक लिहिते. पेंटरकाका नाहीत आता. त्यांचा मुलगा स्टँडजवळ गाड्यांच्या नंबरप्लेट आणि रेडियमचं काम करतो. भाऊ त्याला घेऊन आला. तो शिडीवर चढला आणि आधी कोपरा बघितला, तिथे त्याच्या वडिलांची बारीक सही आहे. बराच वेळ खाली उतरला नाही. मग म्हणाला, गंज फक्त 'भुसार'च्या 'र'खाली आहे, तेवढाच घासून प्राइमर मारतो, बाकी अक्षराला हात लावणार नाही, साबणाच्या पाण्याने पुसू. ब्रश वडिलांचे जपून ठेवलेत म्हणे. सावलीचा काळा रंग कसा जमतो बघू. फ्लेक्सची सांगाडा-पट्टी उद्या काढतायत. बाबांनी खुर्ची बाहेर टाकून घेतलीय.

सातूचंपीठ, मेतकूट मिळतं. आई अजून घरी दळते, पण सांगून ठेवावं लागतं.

सातूचंपीठ
अर्धा किलो ठेवा. पुढच्या शनिवारी वाईवरून येते, पत्रा पण बघते.