आईला जहांगीर दाखवायचंय: काळा घोडा भागात एका दिवसात काय काय पाहता येईल?

कृष्णाकाठची
आषाढी झाली की आई दहा दिवसांसाठी ठाण्याला माझ्याकडे येतेय. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत तिने एकोणतीस वर्षं चित्रकला शिकवली. किती पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवलं हे तिला विचारू नका, तास जाईल. एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) करत असताना त्यांच्या वर्गाची मुंबईला सहल आली होती. जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारापर्यंत पोचले आणि गाडीची वेळ झाली म्हणून सरांनी तिथूनच मागे फिरवलं. "दार बघितलंय मी जहांगीरचं," असं ती अजून सांगते.

तर या वेळी आत न्यायचंय. पण मी स्वतः कधी गेलेले नाही (नोकरी आयटीत, चित्रकलेत आईनेच मला काठावर पास केलं होतं). तिकीट असतं का? काही विकत घेतलं नाही तर चालतं का? कुठल्या वारी जावं? एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे फार जिने नकोत. शिवाय एवढ्या लांब जायचंच आहे तर आजूबाजूला अजून काय पाहता येईल?

आणि मुख्य अडचण म्हणजे आईच. "मॉडर्नमधलं आपल्याला काय कळतंय, लोक बघतील आपल्याकडे" हे आत्तापासून सुरू झालंय.

दादरचे आजोबा
तिकीट नाही. रोज सकाळी 11 ते संध्याकाळी 7 उघडं असतं, दारात कोणी काही विचारत नाही. मी पन्नास वर्षांत एकही चित्र विकत घेतलेलं नाही आणि कोणी हाकललेलं नाही.

आईंना जाताना एवढं सांगा. जहांगीर 1952 साली उघडलं. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ देणगी दिली, पण त्यांच्या मागे लागून हे करवून घेणाऱ्यांत चित्रकार के. के. हेब्बर आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. भाभा स्वतः उत्तम रेखाटनं करत. दारावरची ती काँक्रीटची घड्या घातलेली छत्री तेव्हा लोकांना फार नवीन वाटली होती. आईंनी दार पाहिलंच आहे म्हणता, तर छत्री ओळखतील.

आत पूर्वी समोवार नावाचं कॅफे होतं. 1964 साली सुरू झालं, 2015 मध्ये बंद झालं. लांबट, अरुंद जागा, बाजूला हिरवळ. आम्ही चित्रं दहा मिनिटं पाहायचो आणि पुदिन्याचा चहा दोन तास प्यायचो. आता ते नाही, त्यामुळे चित्रं नीट पाहावी लागतात.

जलरंग
मी चित्रं काढतो, म्हणून आतल्या बाजूने सांगतो.

जहांगीरचा आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. सोमवारी संध्याकाळी चित्रं उतरतात, मंगळवारी पुढच्याची चढतात. त्यामुळे दर आठवड्याला सगळं नवीन. आज कोणी एखाद्या प्रदर्शनाचं कौतुक केलं आणि तुम्ही पंधरा दिवसांनी गेलात, तर ते तिथे नसणार. म्हणून कुठलं प्रदर्शन पाहावं हे मी सांगत नाही, आईंना न्यायचं असेल त्या आठवड्यात काय लागलंय ते पाहा. शनिवार-रविवार टाळा. बुधवार किंवा गुरुवार, दुपारी तीनच्या सुमारास जा.

तीन का? त्या वेळी हॉलमध्ये फारसं कोणी नसतं, आणि चित्रकार मात्र असतो. लोकांना हे माहीत नसतं. जहांगीरमध्ये कोपऱ्यात टेबल टाकून जो माणूस बसलेला असतो तो बहुतेक वेळा ती चित्रं काढणाराच असतो. रखवालदार समजून लोक त्याला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात. (माझ्या बाबतीत हे दिवसाला चारदा झालं.) तो आठवडाभर तिथे बसतो आणि दिवसभर ऐकतो काय, तर "नाइस" आणि "फोटो काढू का?" कोणीतरी येऊन "हा निळा कसा आणलात?" एवढं विचारलं तरी त्याचा दिवस सार्थकी लागतो.

तुमची आई एकोणतीस वर्षं पोरांच्या हाताकडे बघत आली आहे. तिला काही कळणार नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

अजून एक. एकाच छताखाली बरेच हॉल आहेत आणि प्रत्येकात वेगळं प्रदर्शन. समोरचा एक पाहून "झालं जहांगीर" म्हणत परतणारे खूप असतात. ऑडिटोरियम हॉलही चुकवू नका.

स्पष्टवक्ता
थोडं विरुद्ध मत. जहांगीर म्हणजे भाड्याचा हॉल. भाडं भरलं की कोणीही चित्रं लावतं. एका हॉलमध्ये उत्तम काम, शेजारच्यात घोडे, गणपती आणि बनारसचे घाट. खरं समकालीन काम पाहायचं असेल तर कुलाबा-फोर्टातल्या खासगी गॅलऱ्यांमध्ये न्या. तिथे विचार करून मांडणी केलेली असते. तिथेही तिकीट नसतं.

जलरंग
@स्पष्टवक्ता, घोडे-गणपतींबद्दल वाद नाही, बनारसच्या घाटांबद्दल तर अजिबातच नाही. पण 'कोणीही' हे बरोबर नाही. अर्जासोबत कामं पाहिली जातात, मगच होकार येतो, आणि नंबर लागायला वर्षं जातात. भाडं घेतात हे खरंच. पण त्यामुळेच ज्याच्या पाठीशी कुठलीही गॅलरी नाही असा लातूरचा किंवा चिपळूणचा माणूस आठवडाभर काळ्या घोड्याला आपली भिंत मिळवू शकतो. खासगी गॅलरीत त्याला कोण विचारतंय?

खासगी गॅलऱ्या पाहाव्यातच, नाही म्हणत नाही. पण बऱ्याच रविवारी बंद असतात, दार लोटलेलं असतं, काही ठिकाणी बेल वाजवावी लागते. आईंचा पहिला दिवस आहे, ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

टेकडीवाली
दार लोटलेलं हे अगदी खरं. एका गॅलरीत मी सासूबाईंना घेऊन गेले होते, तिथल्या मुलीने आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. सासूबाईंनी तिलाच विचारलं, "बाळ, तुझं चित्र कुठलं यातलं?" त्यानंतर ती चांगली वागली.

मुलुंडची मावशी
जायचं कसं ते कोणीच सांगत नाही म्हणून मी सांगते. ठाण्याहून साडेअकरानंतरची फास्ट पकडा, बसायला जागा मिळते. सीएसएमटीला उतरा. आता भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक एकच स्टेशन आहे, पण एका स्टेशनासाठी गुडघेवाल्या माणसाला जमिनीखाली उतरवून पुन्हा वर काढायचं कशाला? सरळ टॅक्सी करा. टॅक्सीवाल्याला 'जहांगीर' एवढंच सांगितलं तर घोटाळा होऊ शकतो, 'काला घोडा, म्यूझियम के बाजू में' म्हणा.

जेवण आधीच उरकून घ्या. सीएसएमटीसमोरच पंचम पुरीवाला आहे, पुरीभाजी खाल्ली की संध्याकाळपर्यंत चिंता नाही. आणि पावसाळा आहे, छत्री मोठी न्या. ओल्या चपलांनी हॉलमध्ये घसरायला होतं, आईचा हात धरा.

दादरचे आजोबा
घोटाळ्याचं बरोबर बोललात. त्या चौकाच्या आसपास तीन जहांगीर आहेत. एक ही आर्ट गॅलरी. दुसरा रस्त्यापलीकडचा सर कावसजी जहांगीर हॉल, त्यात 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिसरे जहांगीर निकल्सन. त्यांनी जमवलेल्या आधुनिक चित्रांचं दालन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

आधुनिक कला संग्रहालयाला नाममात्र तिकीट आहे, सोमवारी बंद. आतून फार देखणं आहे. अर्धगोल मजले एकावर एक चढत जातात आणि सगळ्यात वर घुमटाखालचं दालन. पण आईंच्या गुडघ्याला ते झेपणार नाही, खालच्या दालनांवर समाधान माना. प्रदर्शन बदलत असताना ते बंदही असतं, आधी चौकशी करून जा.

अर्धवट चित्रकार
एक जागा राहिलीच, ती म्हणजे फुटपाथ. जहांगीरच्या बाहेर चित्रकार आपली कामं मांडून बसतात, काहीजण समोर बसवून पोर्ट्रेट काढून देतात. पाऊस जोरात असला की प्लास्टिक पांघरतात.

शिवाय रॅम्पार्ट रो या रस्त्यावर अडोर हाऊसमध्ये आर्टिस्ट्स सेंटर आहे, चालत पाच मिनिटं. लहान, साधी जागा. चित्रकार के. एच. आरांचा या जागेशी जवळचा संबंध. आईंना आरा माहीत असतील. लहानपणी मुंबईत आले, घरकाम केलं, मोटारी धुतल्या, आणि 1947 साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटात होते.

पावसाळ्यात जहांगीर कला महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना जागा देतं, त्याला मान्सून शो म्हणतात. तुमच्या तारखा जुळल्या तर तो आधी पाहा. शिक्षकाला विद्यार्थ्यांचं काम पाहण्यात जास्त रस असतो, हा माझा अंदाज.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. गुरुवारचं ठरवतेय. आईला जलरंग यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "टेबलावरच्या माणसाला विचारायचं म्हणजे काय विचारायचं?" म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहायला लागली. बघू दिलं नाही.

कृष्णाकाठची
जाऊन आलो! लांबलचक लिहितेय, माफ करा.

पाऊस इतका की टॅक्सीतून उतरून दारावरच्या त्या काँक्रीटच्या छत्रीखाली जाईपर्यंत आई भिजली. तिथेच थांबून वर बघत राहिली. मी म्हटलं आत चल, तर म्हणाली, "थांब जरा. चाळीस वर्षं झाली, पाच मिनिटं अजून."

पहिल्या हॉलमध्ये मोठमोठी अमूर्त चित्रं होती. आई गप्प. एका राखाडी चित्रासमोर मात्र बराच वेळ थांबली. बाहेर आल्यावर म्हणाली, "काय आहे ते कळलं नाही, पण एवढा सपाट राखाडी लावायला हात लागतो. डाग पडतात."

पुढच्या हॉलमध्ये जलरंगातली निसर्गचित्रं. टेबलापाशी पंचविशीतला एक मुलगा डबा खात बसलेला. आईने पर्समधून वही काढली (प्रश्न लिहून आणले होते!) आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मुलगा डबा बंद करून ताडकन उठला. मला वाटतं त्याला शाळाच आठवली असावी. कागद कुठला, तीनशे जीएसएमचा (म्हणजे जाड) का, पांढरा राखून ठेवलास की मागून खरवडलास, सावल्यांत जांभळा कुठून आला. आधी तो सर्वांना देतात तशी उत्तरं देत होता, नंतर चित्रं भिंतीवरून अर्धी उचलून कडा दाखवायला लागला. मूळचा सोलापूरकडचा. इंटरमिजिएटला ए ग्रेड. आईने विचारलं, "स्मरणचित्र कोण शिकवायचं तुला?" त्याने त्याच्या मॅडमचं नाव सांगितलं. आईच्या ओळखीच्या नव्हत्या, पण दोघं त्या मॅडमवर वीस मिनिटं बोलली.

अभिप्रायाच्या वहीत आधीच्या पानावर सगळीकडे 'ऑसम' आणि हृदयं. आईने तिच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: "सावल्या फार आवडल्या. नदीच्या चित्रात डावीकडचं झाड नसतं तरी चाललं असतं. फ्रेमचा काठ रुंद झाला आहे." खाली नाव, आणि कंसात 'चित्रकला शिक्षिका, निवृत्त'. मी लाजेने अर्धी झाले. त्या मुलाने पानाचा फोटो काढून घेतला.

मान्सून शोशी तारखा जुळल्या नाहीत. आधुनिक कला संग्रहालय बाहेरूनच पाहिलं, गुडघा बोलायला लागला होता. फुटपाथवर एकजण कोळशाने एका बाईंचं पोर्ट्रेट काढत होता. आई त्याच्या मागे दहा मिनिटं उभी. काही बोलली नाही, पण तिचा अंगठा हवेत शेडिंग करत होता. जेवणाचं मावशींनी सांगितलं तसंच केलं, पुरीभाजी पास.

आता एक नवीन अडचण. आई पुढच्या शनिवारी परत जाणार आहे आणि म्हणतेय की मंगळवारी नवीन लागतं ना, मग मंगळवारी पुन्हा जाऊ. मंगळवारी किती वाजता गेलं तर सगळं लागलेलं असतं?

स्पष्टवक्ता
झाडाचं अगदी बरोबर असणार. न पाहताच सांगतो.

जलरंग
डावीकडचं झाड माझ्याही चित्रात असतं. विचार करायला लागलोय.

मंगळवारी सगळं लागलेलं पाहायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर या. बऱ्याच जणांचं उद्घाटन त्याच सुमारास असतं, चहा-बिस्किटं असतात, गर्दीही असते. त्याआधी हॉलमध्ये शिडी, दोऱ्या, बबल रॅप आणि चिडलेले चित्रकार. कुठलं चित्र कुठल्या शेजारी यावरून नवरा-बायकोची भांडणं मी तिथे पाहिली आहेत.

कृष्णाकाठची
तिला वाचून दाखवलं. म्हणतेय, संध्याकाळचं उद्घाटन राहू दे, शिडी-दोऱ्याच बघायच्या आहेत. शाळेच्या गॅदरिंगला सगळी चित्रं तीच लावायची.

जलरंग
मग दुपारी एकला या. त्या आठवड्यात माझ्या एका मित्राचंच लागतंय, आणि आमच्यात ओळंबा साधणारा डोळा कोणाकडेच नाही. आईंना खुर्चीवर बसवतो, त्यांनी फक्त 'डावीकडे वर' एवढं म्हणायचं.

कृष्णाकाठची
फक्त एवढंच म्हणेल याची हमी देत नाही. येतोय.